जातिवर्णनाचे गद्य : पेवकुलातील अठरा नव्या जातींच्या निमित्ताने

सारांश

नव्या वनस्पतिजातीचे वर्णन हा केवळ माहितीचा मजकूर आहे, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात त्याकडे युक्तिवादात्मक गद्यप्रकार म्हणून पाहिले आहे. २०२३ साली उष्णकटिबंधीय अमेरिकेतील कॉस्टेसी, म्हणजेच आपल्याकडील पेवाच्या कुलातील अठरा नव्या जाती एका निबंधाद्वारे प्रसिद्ध झाल्या. त्या निबंधाच्या आधारे या गद्यप्रकाराची रचना, त्याचे बळ आणि त्याच्या मर्यादा यांची चर्चा येथे केली आहे. जातिवर्णनाचा गाभा वर्णनात नसून भेददर्शक विधानात असतो आणि ते विधान न वाचता केवळ नाव उचलल्यास पुढील संशोधन निराधार होते, असे प्रतिपादन लेखाच्या शेवटी केले आहे.

बीजशब्द : जातिवर्णन, भेदविधान, प्ररूप नमुना, कॉस्टेसी, पेव, परिभाषा.

१. प्रास्ताविक

विज्ञानविषयक लेखनाची समीक्षा आपल्याकडे क्वचितच होते. कथा-कादंबरीची होते, चरित्राची होते, इतिहासलेखनाचीही होते. परंतु वनस्पतिशास्त्रातील जातिवर्णनाकडे 'लेखन' म्हणून पाहण्याची सवय भाषा विभागांना नाही आणि विज्ञान विभागांनाही नाही. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तर जातिवर्णन म्हणजे पाठ करून परीक्षेत उतरवायची विशेषणांची यादी असते. वस्तुतः ज्या मोजक्या लेखनप्रकारांत प्रत्येक शब्दाला कायदेशीर वाटावे इतके वजन असते, त्यांपैकी हा एक आहे. नाव, तारीख, नमुना आणि विधान यांपैकी एखादी बाब नियमाप्रमाणे नसेल, तर लेखकाने कितीही परिश्रम घेतलेले असोत, ते नाव वैधरीत्या प्रसिद्ध झाले असे मानले जात नाही.

'फायटोकीज' या नियतकालिकाच्या २२२ व्या खंडात (२०२३) पॉल मास, हिल्त्ये मास-व्हान डे कामर, थियागो आंद्रे, डेव्हिड स्किनर, युजेनियो व्हाल्देरामा आणि चेल्सी स्पेक्ट या सहा लेखकांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात कॉस्टस या प्रजातीतील १७ आणि कॅमेकॉस्टस या प्रजातीतील १ अशा एकूण १८ नव्या जातींचे वर्णन आहे. ('प्रजाती' हा शब्द येथे जातींच्या गटासाठी आणि 'जाती' हा त्या गटातील घटकासाठी वापरला आहे.) सदर निबंधाची निवड करण्याचे कारण असे की, या कुलाच्या अभ्यासाला सलग परंपरा आहे. पॉल मास यांनी १९७२ साली 'फ्लोरा निओट्रॉपिका' मालिकेत अमेरिका खंडातील या वनस्पतींचा समग्र आढावा घेतला होता. त्या वेळी हा गट आल्याच्या कुलातील उपकुल म्हणून मांडलेला होता. तोच अभ्यासक एक्कावन्न वर्षांनी, नव्या पिढीतील सहलेखकांसह, त्याच वनस्पतींत १८ नव्या जाती असल्याचे सांगतो, तेव्हा मधल्या काळात नेमके काय बदलले, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. वनस्पती बदलल्या नाहीत. त्या पाहण्याची आणि त्यांच्याविषयी विधान करण्याची पद्धत बदलली.

२. पेवकुलाची ओळख

पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर पेव सर्वांनी पाहिलेला असतो. लाल छदांच्या कणसातून डोकावणारे मोठे पांढरे फूल आणि जिन्यासारखी वळत जाणारी पाने ही त्याची सहज कळणारी खूण होय. इंग्रजीत या कुलातील वनस्पतींना सर्पिल आले म्हटले जाते ते या वळणामुळेच. आले, हळद, सोनटक्का यांच्या कुलात पाने खोडाच्या दोन बाजूंना दोन रांगांत येतात. पेवकुलात मात्र ती एकामागून एक अशी एकाच सर्पिल रेषेवर चढत जातात. पानाच्या तळाशी असणारा आवरक येथे बंद नळीसारखा असतो आणि आल्याला असणारा सुगंधी तेलाचा वास या वनस्पतींना नसतो.

फुलाची रचना अधिक विलक्षण आहे. ज्याला आपण सहजपणे पाकळी म्हणतो, तो भाग खरी पाकळी नसून पाच वंध्य केसरदलांच्या जुळणीतून बनलेला ओष्ठ असतो. कार्यक्षम केसरदल एकच असते आणि तेही पाकळीसारखे पसरट असते. फुले शंकूसारख्या फुलोऱ्यातील छदांच्या आडून येतात आणि प्रत्येक फूल साधारणतः एकच दिवस टिकते. छदांवर मधुस्रावी ग्रंथी असतात आणि त्यांच्याकडे मुंग्या आकृष्ट होतात. जगात या कुलाच्या सुमारे दीडशे जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य उष्णकटिबंधीय अमेरिकेत आढळतात. मध्य अमेरिका व ॲमेझॉनच्या परिसरात काही जातींची फुले नळीसारखी, लाल-पिवळी असून त्यांवर गुंजनपक्षी येतात. इतर काहींची रुंद, फिकट रंगाची असून त्यांवर युग्लॉसिनी गटातील मधमाश्या येतात.

३. वर्णन आणि भेदविधान

वनस्पतिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नव्या जातीचे नाव वैध ठरण्यासाठी वर्णन किंवा भेदविधान यांपैकी एक आवश्यक असते. दोन्ही दिली तर उत्तमच. या दोहोंतील फरक समजून घेतल्याखेरीज या गद्याचा स्वभाव कळत नाही. वर्णन म्हणजे वनस्पती कशी आहे ते सांगणे. भेदविधान म्हणजे ती कोणापासून आणि कशी वेगळी आहे ते सांगणे. लेखकाच्या मते जे लक्षण त्या जातीला इतरांपासून वेगळे करते, त्याचे कथन म्हणजे भेदविधान, अशा आशयाची व्याख्या संहितेत आहे. 'लेखकाच्या मते' ही पुस्ती अतिशय महत्त्वाची आहे. ज्या लेखनाला आपण पूर्णतः वस्तुनिष्ठ समजतो, त्याच्या मध्यभागी संहितेनेच मताला स्थान दिलेले आहे. नवी जाती ही परिकल्पना असते. तिचे खंडन होऊ शकते, ती दुसऱ्या जातीत विलीन होऊ शकते किंवा तिचे पुढे आणखी विभाजन होऊ शकते.

साहित्यसमीक्षेच्या भाषेत सांगायचे तर वर्णन हे निवेदन आहे आणि भेदविधान हा दावा आहे. निवेदनात लांबी-रुंदीचे आकडे, रंग, लव, आकार यांची नोंद क्रमाने येते: आधी खोड, मग आवरक, जिभिका, पान, फुलोरा, छदे, संवर्त, पुष्पमुकुट, ओष्ठ, किंजपुट, फळ. हा क्रम ठरलेला असल्याने वाचकाला दोन जातींची वर्णने शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून तपासता येतात. या गद्यात क्रियापदे जवळजवळ नसतात आणि अलंकार अजिबात नसतात. त्याचा कोरडेपणा हा दोष नाही, कारण तुलनेसाठी तो आवश्यक असतो. दावा मात्र या यादीतून आपोआप निघत नाही. वीस लक्षणांपैकी कोणती दोन-तीन निर्णायक मानायची, हा निर्णय लेखकाचा असतो.

पनामातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरते. डग्लस शेम्स्के यांनी १९८१ साली कॉस्टस ॲलेनी आणि कॉस्टस लीव्हिस या दोन जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या दोन्ही जाती एकत्र वाढतात, त्यांचे परागण एकाच जातीची मधमाशी करते आणि त्यांची फुले एकमेकांसारखी दिसतात. परागणकर्ता सामायिक असल्याने फुलांत साम्य येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. याचा अर्थ असा की, फूल सारखे म्हणून जाती एक, हा निष्कर्ष या कुलात धोक्याचा आहे. त्यामुळे छदाचे टोक, आवरकावरील लव, जिभिकेची लांबी यांसारखी दुय्यम वाटणारी लक्षणे येथे निर्णायक ठरतात. २०२३ च्या निबंधातील एका जातीचे नाव कॉस्टस ॲलेनिऑप्सिस असे आहे. नावाचा अर्थच 'ॲलेनीसारखा दिसणारा' असा होतो. नाव साम्य सांगते आणि भेदविधान त्या साम्याखालचा फरक दाखवते. या गद्यप्रकाराची सगळी ताकद अशा ठिकाणी एकवटलेली असते.

४. वाळलेला नमुना आणि जिवंत रोप

१ जानेवारी १९५८ पासून नव्या जातीसाठी प्ररूप नमुना दर्शविणे बंधनकारक झाले. नाव शब्दांना चिकटलेले नसून एका विशिष्ट, जपून ठेवलेल्या नमुन्याला चिकटलेले असते, हे तत्त्व त्यामागे आहे. वर्णनात चूक निघाली तरी नमुना साक्षीला उभा राहतो. पेवकुलापुरती मात्र ही साक्ष अपुरी पडते. पाणीदार खोड, मांसल छदे आणि दिवसभरात कोमेजणारे तलम फूल दाबून वाळवले की छदांचा रंग जातो, ओष्ठाचा चुरगळलेला पापुद्रा उरतो आणि पानांचे सर्पिल वळण कागदावर सपाट होते. म्हणजे ज्या लक्षणांवर जाती ओळखायची, तीच नमुना करताना नष्ट होतात.

सदर निबंधाचे सामर्थ्य येथे दिसते. प्रत्येक जातीच्या वर्णनासोबत भेददर्शक लक्षणे दाखवणारी छायाचित्रांची पाने व सर्व जातींचे प्रसारनकाशे आहेत. सहलेखकांमध्ये जिवंत रोपांचा दीर्घ अनुभव असलेले विद्यापीठाबाहेरचे अभ्यासक डेव्हिड स्किनर आहेत, तसेच जनुकीय पुराव्यांवर काम करणारे व्हाल्देरामा आणि स्पेक्ट आहेत. या गटातील संशोधकांनी २०२० साली अमेरिकेतील कॉस्टस जातींच्या नातेसंबंधांचे जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध केले होते. संग्रहालय, बाग आणि प्रयोगशाळा या तीन ठिकाणचे ज्ञान एका मजकुरात आल्यामुळे १९७२ मध्ये जे भेद दिसणे अवघड होते, ते आता मांडता आले.

तरीही एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. सुमारे पन्नास पृष्ठांत अठरा जाती म्हणजे नकाशे आणि छायाचित्रे धरून एका जातीच्या वाट्याला सरासरी तीन पृष्ठेही येत नाहीत. हा संक्षेप या गद्याचा शिष्टाचार आहे, हे मान्य. परंतु त्यामुळे निष्कर्ष दिसतो आणि निष्कर्षापर्यंतचा संशयाचा प्रवास झाकला जातो. हा नमुना पूर्वी कोणत्या नावाखाली ठेवला गेला होता, तो तेथून का हलवला, कोणत्या लक्षणाबद्दल लेखकांत दुमत होते, हे सांगणारा स्वतंत्र भाग जातिवर्णनाच्या रूढ आराखड्यात सक्तीचा नाही. त्याचप्रमाणे परागण कोण करते, याची नोंदही सक्तीची नाही. ज्या कुलात परागणकर्त्यांमुळे फुलांत साम्य येते, तेथे ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

५. नावांचा प्रश्न

निबंधातील कॉस्टस अँटिओक्वेन्सिस, कॉस्टस कोचाबांबे, कॉस्टस पिटालिटो ही नावे अनुक्रमे कोलंबिया, बोलिव्हिया आणि पुन्हा कोलंबिया या देशांतील स्थळांची आठवण देतात. स्थळनामे देण्याची ही रीत स्वागतार्ह आहे, पण ती नेहमीच निर्धोक नसते. लिनीयसने १७५३ साली नाव दिलेला कॉस्टस अरेबिकस हा अरबस्तानातील नसून उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहे. मुळात 'कॉस्टस' हा शब्दच संस्कृत 'कुष्ठ' या औषधी मुळाशी संबंधित आहे आणि ते मूळ (मराठीत कोष्ठ किंवा उपलेट) काश्मीर-हिमालयातील सूर्यफुलाच्या कुलातील वनस्पतीचे आहे. चुकीचा भूगोल सांगणारे नाव तसेच टिकते, कारण संहितेला नावाच्या अर्थाशी कर्तव्य नसते, त्याच्या अग्रक्रमाशी असते.

आपल्या पेवाचीच कथा पाहता येईल. १७८३ मध्ये कोनिग यांनी त्याला बँक्सिया स्पेसिओसा म्हटले. १७९१ मध्ये स्मिथ यांनी तो कॉस्टस स्पेसिओसस केला. २००६ मध्ये स्पेक्ट यांनी कुलाची पुनर्रचना करताना त्याला काइलोकॉस्टस प्रजातीत नेले आणि १७९१ चेच हेलेनिया हे नाव अग्रक्रमाने लागू होत असल्याने २०१३ पासून तो हेलेनिया स्पेसिओसा झाला. कोकणातल्या माणसाच्या तोंडी या सर्व काळात पेवच राहिला.

येथे एक ऐतिहासिक तुलना उद्बोधक ठरेल. व्हान रीड यांच्या 'हॉर्टस मलबारिकस'च्या अकराव्या खंडात (१६९२) हीच वनस्पती तिच्या मल्याळी नावाने, चण्णक्कूवा या शीर्षकाखाली आलेली आहे. त्या ग्रंथामागे इट्टी अच्युतन या वैद्यांचे ज्ञान होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोंकणी वैद्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. सतराव्या शतकातील त्या ग्रंथात देशी नाव शीर्षस्थानी होते आणि सांगणाऱ्याचे नाव नोंदलेले होते. आजच्या जातिवर्णनात स्थानिक नाव 'माहीत असल्यास' या अटीवर, टिपेच्या जागी येते. सदर निबंधानेही हीच रीत पाळली आहे. हा त्या लेखकांचा वैयक्तिक दोष नाही. लेखनप्रकाराने घडवलेली ही सवय आहे. तथापि ज्याच्या परसात ती वनस्पती वाढते, त्याचे ज्ञान टिपेत आणि संग्राहकाचे नाव शीर्षकात, ही विषमता समीक्षकाने दुर्लक्षून चालणार नाही.

प्ररूप नमुना कोठे ठेवला आहे ते सांगणे संहितेला आवश्यक वाटते. तो मूळ देशातच असावा, असा तिचा आग्रह नाही. भारतात मात्र जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार नवी जाती शोधणाऱ्याने ती नियुक्त संस्थेला कळवणे आणि तिचा नमुना तेथे जमा करणे बंधनकारक आहे. नव्या जातींवर काम करणाऱ्या आपल्या महाविद्यालयीन प्राध्यापकांनी ही तरतूद माहीत करून घेणे अगत्याचे आहे.

६. भेदविधान न वाचण्याचा परिणाम

हा प्रश्न केवळ अमेरिकेतील अरण्यांचा नाही, हे दाखवणारे उदाहरण आपल्या कुंड्यांत आहे. महाराष्ट्रातील रोपवाटिकांत 'इन्शुलिन प्लांट' या नावाने पेवकुलातील एक बुटके, नारिंगी फुलांचे रोप विकले जाते. ते पूर्व ब्राझीलमधील असून त्याचे आजचे स्वीकृत नाव कॅमेकॉस्टस कस्पिडॅटस आहे. कॉस्टस इग्नियस हे त्याचेच जुने पर्यायी नाव. कॉस्टस पिक्टस ही मात्र मेक्सिको व मध्य अमेरिकेतील वेगळी जाती असून तिच्या पिवळ्या ओष्ठावर लाल रेषा असतात. असे असूनही मधुमेहाच्या संदर्भातील भारतीय शोधनिबंधांत ही नावे एकमेकांच्या जागी वापरलेली दिसतात.

एखाद्या निबंधात पानांच्या अर्काचा परिणाम कॉस्टस पिक्टसच्या नावाने नोंदवला आणि प्रत्यक्ष वनस्पती कॅमेकॉस्टस होती, तर तो प्रयोग कोणत्या वनस्पतीविषयी काही सांगतो? पुढचा संशोधक त्याच नावाची दुसरी वनस्पती आणून प्रयोग करील आणि निष्कर्ष जुळले नाहीत म्हणून गोंधळेल. रुग्ण तर नावावर विसंबून पाने चघळतो. रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, गृहविज्ञान अशा विविध शाखांचे निबंध बहुविद्याशाखीय नियतकालिकांत प्रसिद्ध होत असल्याने ही जबाबदारी आपल्यासारख्या वाचक-लेखकांवर विशेषत्वाने येते. फुलाचे छायाचित्र आणि संग्रहालयातील नमुन्याचा क्रमांक या दोन गोष्टींनी ही चूक टळू शकते. त्यांचा खर्च फारसा नसतो. सवय मात्र लागते.

दुसऱ्या बाजूने, नवी जाती जाहीर करणे हा प्राध्यापकाच्या मूल्यमापनात मोजता येण्याजोगा पराक्रम असतो. त्या जातीचे भेदविधान दहा वर्षांनी टिकले की नाही, हे कोणत्याही रकान्यात भरावे लागत नाही. परिणामी आकड्यांचा मोह वाढतो आणि तुलनेचे कष्ट मागे पडतात. पाच दशके एकाच कुलावर काम करून मग अठरा जाती मांडणारा निबंध या दृष्टीने आदर्श ठरतो.

७. मराठीतील वर्णनाची शक्यता

१ जानेवारी १९३५ पासून वर्णन वा भेदविधान लॅटिनमध्ये देणे आवश्यक होते. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी असा पर्याय खुला झाला. म्हणजे मराठीतील जातिवर्णन आजही संहितेपुरते वैध नाही. पण वैधता आणि उपयुक्तता या भिन्न गोष्टी आहेत. इंग्रजी वर्णनाला जोडून मराठी वर्णन देण्यास कोणतीही आडकाठी नाही.

तसा प्रयत्न केला की भाषेची खरी कसोटी लागते. भाषा संचालनालयाच्या परिभाषेने छद, छदक, जिभिका, संवर्त, किंजपुट असे अवयववाचक शब्द दिलेले आहेत. अडचण विशेषणांची आहे. पेवाच्या पानाची खालची बाजू रेशमी लवेची असते, एखाद्या जातीत ती राठ असते, एखादीत पूर्ण गुळगुळीत. या छटा इंग्रजी-लॅटिन परंपरेत काटेकोर श्रेणीने बांधलेल्या आहेत. मराठीत लव, कूस, खरखरीत, मखमली, राठ, चरबरीत असे जिवंत शब्द विपुल आहेत. त्यांची श्रेणी मात्र कोणी निश्चित केलेली नाही. शेतकऱ्याला गव्हाच्या कुसाचा आणि भेंडीच्या लवेचा फरक बोटांना कळतो. ते स्पर्शज्ञान परिभाषेत आणणे हे भाषा आणि विज्ञान या दोन्ही विभागांचे संयुक्त काम आहे.

८. निष्कर्ष

(१) जातिवर्णन हा युक्तिवादात्मक गद्यप्रकार असून त्याचा गाभा भेदविधानात असतो. अध्यापनात वर्णनाच्या पाठांतराऐवजी दोन जवळच्या जातींची तुलना करवून घ्यावी.

(२) २०२३ च्या निबंधाचे यश जिवंत रोपे, छायाचित्रे, नमुने आणि जनुकीय पुरावे यांच्या मेळात आहे. संशयाच्या प्रवासाची आणि परागणाची नोंद सक्तीची नसणे ही लेखनप्रकाराची मर्यादा आहे.

(३) स्थानिक नाव आणि ते सांगणारी व्यक्ती यांना जातिवर्णनात मानाचे स्थान मिळाले पाहिजे. 'हॉर्टस मलबारिकस'चा दाखला त्यासाठी पुरेसा आहे.

(४) वनस्पतीवरील कोणत्याही शाखेच्या निबंधात नमुन्याचा क्रमांक आणि छायाचित्र असल्याशिवाय तो स्वीकारू नये, असा संकेत महाविद्यालयीन नियतकालिकांनी पाळावा.

नाव बदलते, प्रजाती बदलते, कधी कुलही बदलते. टिकतो तो नमुना आणि त्याच्याविषयी जबाबदारीने केलेले विधान. ते विधान तपासण्याची सवय वाचकाला लागली, तर नव्या जातींची संख्या कदाचित कमी भरेल. परंतु जी भरेल ती विश्वासार्ह असेल.